धमकीची तक्रार कुणाच्या नावानं?

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापूर जिल्ह्यात बालसंरक्षणाच्या कामात कंत्राटी क्षेत्र कार्यकर्ती आहे. दिवाळीनंतर १०९८ या बालमदत क्रमांकावर आलेल्या फोनवरून आम्ही सोळा वर्षांच्या एका मुलीचं लग्न थांबवलं. हळद लागलेली होती. ग्रामसेवक, पोलीस, अंगणवाडीताई सगळे हजर होते, पण नाव माझंच झालं. चार दिवसांनी मुलीचा चुलता ऑफिसात आला, टेबलावर हात आपटून म्हणाला, ‘तुझी गाडी कुठल्या रस्त्यानं जाती ते आमास्नी ठाव हाय.’ नंतर एक बुलेट माझ्या मागं मागं येऊ लागली. गावच्या ग्रुपवर माझा फोटो टाकून ‘ही बाई पैसे खाऊन लग्नं मोडती’ असं लिहिलं. पोलिसांनी एनसी घेऊन परत पाठवलं. साहेब म्हणतात, फील्डवर हे चालायचंच, एकदा जाऊन समजूत काढून या. घरी नवरा गप्प आहे, सासूबाई नोकरी सोड म्हणतात. तक्रार पुढं न्यावी की गप्प बसावं? मी काही केलं तर त्या मुलीला त्रास होईल का?
– एक कार्यकर्ती

उत्तर : ताई, आधी साहेबांच्या सल्ल्याचं बघू. समजूत काढायला तुम्ही जायचं नाही. एकटीनं नाही आणि कुणाला सोबत घेऊनही नाही. लग्न थांबवायचा निर्णय तुमच्या एकटीचा नव्हता, मग जाब द्यायला तुम्हीच का? तुम्ही त्या दारात पुन्हा उभ्या राहिलात की गावाला एकच कळतं, बाई दाबली की दबते.

त्या चुलत्याचा राग कशाचा आहे ते समजून घ्या, कारण त्यावरून तो कुठवर जाईल याचा अंदाज बांधता येतो. मांडव, आचारी, बँडवाल्याचा विसार, कार्यालयाचं भाडं हे पैसे परत येत नाहीत, आणि बहुतेक घरांत ते उसनवारीचे असतात. भावकीत नाक कापलं गेलं ते वेगळंच. असा माणूस ओरडतो, टेबल बडवतो आणि तारखा सुरू झाल्या की हळूहळू वकिलाच्या फीच्या काळजीला लागतो. दुसरी जात हिशेबी लोकांची. ऊसतोडीच्या टोळीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल जोडीवर मिळते, म्हणून पोरीचं लग्न हंगामाच्या तोंडावर उरकून घ्यायची घाई असते. अशा ठिकाणी लग्न मोडलं की कुणाचा तरी व्यवहार मोडतो, आणि तो माणूस ओरडत नाही. तुमच्या पत्रातल्या चुलत्यापेक्षा मला त्या बुलेटवाल्याची काळजी जास्त वाटते. तो कोण, कुणाच्या सांगण्यावरून येतो हे पोलिसांनी शोधायचं आहे, आणि ते त्यांनी शोधावं यासाठीच पुढची सगळी कागदपत्रांची यातायात.

मी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) होते तेव्हाची एक गृहभेट सांगते. सामाजिक चौकशी अहवालासाठी एका मुलाच्या घरी गेले होते. बाप म्हणाला, ‘या, बसा.’ बायकोला चहा टाकायला सांगितला आणि स्वतः उंबऱ्यावर बसून कोयत्याला धार लावायला घेतली. पाण्याचा हबका, दगडावर पातं, पुन्हा हबका. चहा संपेपर्यंत अवाक्षर बोलला नाही. बाहेर पडायचं तर त्याला ओलांडूनच जायला हवं. मी कप खाली ठेवला, ‘भाऊ, जरा वाट द्या’ म्हटलं आणि तो उठला. झालं काहीच नाही. ऑफिसात सांगितलं तर सगळे हसले. ऊस तोडणारा माणूस कोयत्याला धार लावणार नाही तर काय करणार? मुरलेला माणूस धमकी अशीच देतो. सांगायला गेलं तर सांगणारीच वेडी ठरते.

म्हणून लिहून ठेवायचं, त्याच दिवशी, झोपायच्या आत. तारीख, वेळ, जागा, तिथं आणखी कोण होतं. शिवी दिली असेल तर शिवी जशीच्या तशी लिहा, लाजू नका. ‘अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली’ हे वाक्य प्रत्येक पोलीस स्टेशनात तयारच असतं आणि कोर्टात त्यातून काही हाती लागत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्या अंगाची हालचाल लिहा. टेबलाच्या कुठल्या बाजूला उभा होता, तुमच्यापासून किती अंतरावर होता, हात कुठवर उचलला होता, तुम्ही खुर्ची मागं सरकवली का. हे का, ते आता सांगते.

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही, म्हणजे कागद फायलीत गेला की बहुतेक वेळा तिथंच राहतो. तुम्ही स्टेशनात जाऊन ‘मला अमक्यानं धमकी दिली’ एवढंच सांगितलं असणार. ठाणे अंमलदारानं ते भारतीय न्याय संहितेच्या ३५१ व्या कलमातल्या साध्या धमकीत बसवलं आणि एनसी झाली. त्याच संहितेचं १३२ वं कलम मात्र वेगळं आहे. लोकसेवकाला कर्तव्य करण्यापासून रोखण्यासाठी केलेला हल्ला किंवा बळाचा वापर त्यात येतो. तो गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे आणि शिक्षा २ वर्षांपर्यंत आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड विधानातलं ३५३ होतं, जुने हवालदार अजून ‘तीनशे त्रेपन्न’च म्हणतात. आता गंमत बघा. कायद्यात हल्ला म्हणजे मार लागलाच पाहिजे असं नाही. अंगावर धावून येणं, आता हा मारणार असं वाटावं असा हात उगारणं हासुद्धा हल्ला. पण नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे. तुमच्या जबाबात फक्त त्याचं वाक्य आलं आणि हात आला नाही तर १३२ लागत नाही. हात कुठं होता हे म्हणून लिहायचं.

दुसरी अडचण तुम्ही कंत्राटी असण्याची. समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारणार, ही लोकसेवक कशी? ग्रामसेवकाच्या बाबतीत तो प्रश्न येत नाही. आपल्याकडे गावपातळीवर बालविवाह प्रतिबंध अधिकारी ग्रामसेवकच असतो, आणि बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ च्या १७ व्या कलमानं तो अधिकारी लोकसेवक मानला जातो. तुम्हाला मात्र त्या दिवशी तुम्ही सरकारी कामावर होतात हे कागदानं दाखवावं लागेल. नियुक्ती आदेश, ओळखपत्र, आणि त्या लग्नघरी जायचा तुम्हाला मिळालेला लेखी आदेश. तो आदेश तोंडी होता ना? मला वाटलंच. निदान १०९८ वरच्या तक्रारीची नोंद आणि लग्न थांबवल्याच्या पंचनाम्यावरचं तुमचं नाव तरी काढून ठेवा. इथून पुढं ‘जाऊन या’ असा फोन आला की ‘सर, मेसेज टाकता का’ एवढं म्हणायला शिका.

आता मूळ मुद्दा. तक्रार तुमच्या नावानं जायला नको, कार्यालयाच्या नावानं जायला हवी. लेटरहेडवर, कार्यालयप्रमुखाच्या सहीनं, जावक क्रमांक घालून, पोलीस निरीक्षकांना, आणि प्रत पोलीस अधीक्षकांना. ‘आमच्या कर्मचारी शासकीय कर्तव्यावर असताना’ अशी त्याची सुरुवात असली पाहिजे. तुमचं नाव आत येईल, पण तक्रारदार खातं असेल. याचा एक फायदा फारसं कुणी सांगत नाही. चुलता तुमच्या घरी येऊन ‘तक्रार मागं घे’ म्हणाला, तर तुम्हाला प्रामाणिकपणे सांगता येतं की ते माझ्या हातात नाही. आणि सरकारी कामात अडथळा आणल्याचं २२१ वं कलम लावायचं असेल, तर संबंधित लोकसेवकाच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीशिवाय कोर्ट दखलच घेत नाही. तुमच्या लोकसेवक असण्यावर प्रश्न येणार, म्हणून साहेबांची सही असलेली बरी.

साहेब सही करत नसतील तर त्यांना हेच सगळं लेखी द्या आणि पोच घ्या. पोच मागितली की कितीतरी साहेबांची भाषा बदललेली मी पाहिलीय. एक प्रत बाल कल्याण समितीला द्या. मुलगी समितीपुढं हजर झाली असेल तर प्रकरण समितीचं आहे, आणि बाल न्याय अधिनियम २०१५ नं त्या समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार दिलेत. समितीच्या शिक्क्याचं पत्र गेलं की पोलीस स्टेशनात ते वेगळ्या ट्रेमध्ये जातं. तरीही गुन्हा दाखल झाला नाही, तर अधीक्षकांना पोस्टानं लेखी कळवा, आणि तिथंही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज. वाट लांबची आहे, पण प्रत्येक पायरीवर कागद तयार होतो.

ग्रुपवरच्या फोटोचं काय? स्क्रीनशॉट काढा, पण मूळ मेसेज ज्या फोनमध्ये आहे तो फोन तसाच ठेवा, चॅट पुसू नका, कुणी टाकलं त्याचा नंबर दिसू द्या. कोर्टात त्याबरोबर भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतात. आणि त्या मेसेजमध्ये मुलीचं नाव किंवा फोटो आहे का ते नीट बघा. असेल तर बाल न्याय अधिनियमाचं ७४ वं कलम लागतं. मुलाची ओळख उघड करणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.  तुम्ही स्वतः ग्रुपवर उत्तर देऊ नका. बुलेटवाल्यासाठी काही जण तुम्हाला पाठलागाचं ७८ वं कलम सुचवतील. ते बाईशी जबरदस्तीनं संपर्क वाढवू पाहणाऱ्यासाठी आहे, इथं ओढूनताणून बसवावं लागेल. त्याऐवजी गाडीचा नंबर, तारखा आणि जागा कार्यालयाच्या तक्रारीतच घाला, आणि पुन्हा मागं दिसली तर सरळ पोलिसांचा ११२ लावा.

तुमच्या साहेबांना एक गोष्ट जरूर ऐकवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्याचा बोर्ड आज प्रत्येक ऑफिसात लागलेला असतो. तो कायदा आला कुठून? राजस्थानात जयपूरजवळच्या भटेरी गावात भंवरीदेवी नावाची ‘साथिन’ सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात काम करायची. तिनं एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. गावानं वाळीत टाकलं, १९९५ मध्ये खालच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. महिला संघटना त्याआधीच सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, आणि १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या छळाबद्दल नियम घालून देणारा विशाखा निकाल आला, त्यातून २०१३ चा कायदा. म्हणजे तुम्ही जे काम केलंत तेच काम करणाऱ्या बाईच्या अंगावर पडलेल्या किमतीतून तो बोर्ड भिंतीवर आलाय. आणि ज्यांच्यामुळं आला त्या गावोगाव फिरणाऱ्या बायकांनाच या कायद्याची तक्रार समिती कुठं बसते ते माहीत नसतं! त्या कायद्यात कामानिमित्त जिथं जाल ती प्रत्येक जागा, मालकानं दिलेलं जाण्यायेण्याचं वाहनसुद्धा, कामाची जागा मानली आहे. १९ व्या कलमात मालकाचं कर्तव्य लिहिलंय, कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही बाई सुरक्षित राहिली पाहिजे. त्या बुलेटवाल्यानं लैंगिक शेरा मारला, तसा मेसेज पाठवला, तर हा रस्ताही तुम्हाला मोकळा आहे. ऑफिसात दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं.

मुलीचं विचारलंत, ते वाचून बरं वाटलं. तुम्ही गप्प बसलात तर तिचा त्रास कमी होईल असं मला दिसत नाही. आपल्या जिल्ह्यात थांबवलेलं लग्न हद्दीपलीकडं निपाणी-चिकोडीकडं नेऊन उरकायचा प्रकार नवा नाही. पालकांचं हमीपत्र घेतलं असेल, पण ते कागदच आहे. मॅजिस्ट्रेटकडून बालविवाह प्रतिबंध अधिनियमाच्या १३ व्या कलमाखाली मनाई हुकूम घ्यायला लावा. एरवी झालेला बालविवाह आपोआप रद्द होत नाही, तो रद्द करून मागावा लागतो. मनाई हुकूम मोडून लावलेलं लग्न मात्र मुळातच अवैध ठरतं. अर्ज ग्रामसेवकानं करावा. पाठपुराव्याच्या भेटी काही दिवस दुसऱ्या कार्यकर्त्याकडं द्या, आणि ते तुम्हीच लेखी मागा, म्हणजे घाबरून काम टाळलं असं कुणाला म्हणता येणार नाही.

घरचं. नवरा गप्प आहे तो बहुधा काय करावं ते सुचत नाही म्हणून. त्यांना काम सांगा. घरी यायची वेळ उलटून गेली की कुणाला फोन करायचा, रोजचा रस्ता कुठला, आज कुठल्या गावाला गेलाय, हे त्यांच्याकडं असू दे. गृहभेटीला दोघी जा. गाडी रस्त्याकडं तोंड करून लावा, चपला दारातच काढा, आत भिंतीकडं न बसता दारालगत बसा, आणि ‘फाइल घरी राहिली’ असा एखादा ठरलेला निरोप मैत्रिणीला माहीत असू दे, की ती लगेच पोलिसांना कळवेल. सासूबाईंना सांगा की नोकरी सोडायची की नाही ते मी ठरवेन, पण तो चुलता ठरवणार नाही.

प्रश्न : मी करवीर तालुक्यात शिक्षक आहे. वर्गातल्या एका मुलीनं शेजारच्या माणसाबद्दल जे सांगितलं ते मी पोलिसांना कळवलं. पोक्सोचा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा) गुन्हा दाखल झाला. आता आरोपीचे नातेवाईक शाळेच्या गेटवर थांबतात, ‘साक्ष फिरवा, नाहीतर बदली घ्या’ म्हणतात. तक्रार मागं घेता येईल का?

उत्तर : नाही सर, ती तुमची तक्रारच नव्हे. पोक्सो कायदा २०१२ च्या १९ व्या कलमानं असं काही कळल्यावर ते पोलिसांना सांगणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न सांगणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात आहे. गेटवरच्या माणसांना वाद न घालता एवढंच सांगा, ‘न कळवतो तर मीच आत गेलो असतो.’ गावातल्या माणसाला हे पटकन कळतं. ‘माझा नाइलाज होता’ म्हणायला शरम वाटायचं कारण नाही.

साक्ष फिरव म्हणून धमकावणं हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे, न्याय संहितेचं २३२ वं कलम, ७ वर्षांपर्यंत शिक्षा. सरकारी वकिलांना आजच लेखी कळवा. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे. तिच्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडं अर्ज करता येतो, म्हणजे आपल्यासाठी कसबा बावड्याच्या कोर्टातच. घराजवळ गस्त, कोर्टात जातायेता बंदोबस्त, साक्षीच्या वेळी आरोपीशी समोरासमोर न येण्याची सोय असं बरंच तिथून मिळू शकतं. अर्ज आला की पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवतात. तो भक्कम यावा म्हणून गेटवरचे प्रसंग मुख्याध्यापकांच्या सहीनं शाळेच्या नोंदवहीत चढवा, सीसीटीव्ही असेल तर ते फुटेज पुसलं जायच्या आत काढून घ्या.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोर शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. मी नेहमी विचार करते, तो दंड मागायला दारात कोण जात असेल आणि त्याला काय काय ऐकावं लागत असेल! मुलाच्या बाजूनं उंबऱ्यात उभं राहायचं काम आपल्याकडं तेव्हापासून चालू आहे. पण त्या माणसामागं दरबार होता. तुमच्यामागं मुख्याध्यापक आणि शिक्षण विभाग असायला हवा, तेव्हा बदली मागण्याआधी त्यांचं लेखी म्हणणं मागा.

प्रश्न : शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करताना इचलकरंजीजवळच्या एका वस्तीत लोकांनी ‘पोरं पळवणारा’ म्हणून मला घेरलं. एक म्हातारबाबा ओळखीचे निघाले म्हणून सुटलो. पुढच्या वस्तीत जायला पाय उचलत नाही.

उत्तर : पाय उचलत नाही हे बरोबरच आहे, तसाच जाऊ नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. आठवडी बाजाराचा दिवस होता, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. हे कामावरच्या प्रत्येकानं लक्षात ठेवायला हवं.

वस्तीत शिरायच्या आदल्या दिवशी पोलीस स्टेशनला पत्र द्या. खेड्यात असाल तर पोलीस पाटलाला भेटा, शहरात नगरसेवकाला किंवा वस्तीतल्या दुकानदाराला. स्थानिक अंगणवाडी सेविका किंवा आशाताई पुढं, तुम्ही मागं. ओळखपत्र गळ्यात, खिशात नाही. मुलांना बिस्किट-चॉकलेट वाटू नका, मुलाशी एकट्यानं बोलू नका, आणि मोबाइलनं मुलांचे फोटो तर अजिबात नाहीत, सर्वेक्षणाच्या अॅपला फोटो हवा असेल तर पालकाला शेजारी उभं करून काढा. लोक जमायला लागले की समजावत बसू नका. मोबाइल स्पीकरवर टाकून स्टेशनला फोन लावा आणि फौजदारांचा आवाज सगळ्यांना ऐकू द्या. गाडीकडं पळायचं नाही. पळालात की अफवा खरी ठरते. आणि त्या म्हातारबाबांना एकदा जाऊन भेटा, त्यांच्यासोबत त्या वस्तीचं राहिलेलं सर्वेक्षण पूर्ण करून या.